सहाशे अकरा नकार

खेळातल्या माणसाला नाव नाही.
राखाडी डगला, हातात पाना,
आणि शनीच्या कुठल्याशा चंद्रावर, बर्फाखाली,
एकोणीस खोल्यांचं ओसाड ठाणं.
मी बाण सरकवते. कपाटावर टिचकी.
"कुलूप आहे," तो म्हणतो.
कुंडीतल्या झाडावर टिचकी.
"याला आता पाणी घालून उपयोग नाही."
पाना झाडावर वापरून पाहते.
"डोकं फिरलंय माझं, पण एवढं नाही."

हा आवाज माझ्या वडिलांचा.

कौनासमध्ये, मोजे विणायच्या बंद कारखान्याच्या तळघरात
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून
स्किर्मांतासनं त्यांच्याकडून वदवून घेतले
सहाशे अकरा नकार.
पैसे ओळीमागे.
नाट्यगृहानं नुकतंच घरी बसवलेलं,
दोन राजे, एक सेनापती, एक बहिरा पाद्री
करून झालेला माणूस
कागद लांब धरून म्हणत होता,
"हे यात बसत नाही."
"हे यात बसत नाही," जरा दमून.
"हे तर यात मुळीच बसत नाही."
मी बाहेर जिन्यावर, सोळा वर्षांची,
मांडीवर थर्मास.

ठाण्यात आणखी एक आहे.
त्याचं चित्र नाही. चित्राला पैसे उरले नव्हते,
म्हणून ते सतराव्या दाराआड राहतं
आणि मेलेल्यांचे आवाज काढून
जिवंतांना हाका मारतं.
जो ओ देतो, तो पुढच्या खोलीत नसतो.
त्याचे बूट असतात, नाड्या बांधलेले.

तो आवाजही वडिलांचाच.
फेब्रुवारी होता. नेमुनास गोठलेली.
घसा बसला होता दोन आठवडे,
थंडीनं, असं आम्ही धरून चाललो होतो.
ते खाकरायला वळले, तर काचेपलीकडून
स्किर्मांतासनं हात वर केला:
खाकरू नका, झिग्मास. हेच. हेच हवंय मला.
मग वीस मिनिटं ते तसेच बोलले.
तंत्रज्ञानं दिवा लावून घेतला.
शेवटी आम्ही टाळ्या वाजवल्या.

तेव्हा ते वाटाण्याएवढं असणार,
डॉक्टर नंतर म्हणाले.

आता गळ्याला भोक, त्यावर जाळीचा रुमाल,
आणि बोलायला पाटी.
ते स्वयंपाकघरात काळा पाव कापताहेत.
मी तीन आठवडे सतराव्या दारापाशी.
सगळ्यांना सांगते, अडकलेय.
किल्ली पहिल्या दिवसापासून पिशवीत आहे,
पडद्याच्या कोपऱ्यात चकाकते.
मी रिकाम्या हातानं दारावर टिचकी मारते.
"उघडत नाही."
पुन्हा.
"उघडत नाही."
अशा चार वेगवेगळ्या ओळी आहेत.
तिसरीत, कान देऊन ऐकलं तर,
मागे कुठेतरी टण्ण होतं:
जिन्यावर माझ्या हातून थर्मासचं झाकण पडलं होतं.
त्या ओळीत ते किंचित हसताहेत.

टेबलावर ठकठक.
पाटीवर: किल्ली तुझ्याकडेच आहे.
माहितेय, मी म्हणते.
बाहीनं पुसून लिहितात: मग?

मी पुन्हा तिसरी ओळ शोधू लागते.

ते स्टूल ओढून बसतात.
बोटांना शहाजिऱ्याचा वास.
माऊसवरच्या माझ्या हातावर हात ठेवून
किल्ली पिशवीतून उचलतात,
दारापर्यंत नेतात,
सोडतात.

अंधार. बाणसुद्धा दिसत नाही.
मग स्पीकरमधून, त्या फेब्रुवारीतून,
खरवडल्यासारखं ते बोलू लागतं:
ये. किती वेळ उभा राहशील बाहेर.
आत ऊब आहे. सगळे इथेच आहेत.
मी आवाज कमी करायला जाते,
तर ते माझा हात बाजूला सारतात.
त्यांचे ओठ हलताहेत.
शब्दाला शब्द, श्वासाला श्वास,
गळ्यावरची जाळी आत-बाहेर,
आणि शेवटच्या हाकेला
ते त्याच्या अर्धा क्षण पुढे.

पडदा काळा झाल्यावरही
बराच वेळ तसेच बसून राहिले.
मग पाटी घेतली, खडू मोडला, दुसरा शोधला:

याच्या आधीचा टेक बरा होता.
स्किर्मांतासला कळलं नाही.